‘अमुक विरुद्ध तमुक’चा निकाल कुठे लागतो?

आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांची नुसती शीर्षके वाचत गेले, तरी ‘तुलनात्मक अभ्यास’ हे दोन शब्द पानोपानी भेटतात. अस्थिशल्य विभागात सळी विरुद्ध प्लेट, भूलशास्त्रात एक औषध विरुद्ध दुसरे, अन्नतंत्रज्ञानात उन्हातली वाळवण विरुद्ध यंत्रातली वाळवण, संगणकशास्त्रात चार अल्गोरिदमांची झुंज. या बाबतीत म्हैसूर शहर अगदी नमुनेदार आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, १९२४ पासूनचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, १९५० मध्ये चेलुवांबा महालात सुरू झालेली केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था आणि जोडीला जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये असा सगळा संसार एकाच मध्यम आकाराच्या गावात आहे. इथे हाडे सांधणारे, तेले तपासणारे आणि आकड्यांचे गट पाडणारे संशोधक एकमेकांपासून फार तर रिक्षाच्या अंतरावर काम करतात. विषय एकमेकांना अनोळखी असले तरी प्रबंधाची मांडणी बहुतेक सारखीच असते : दोन पद्धती घ्यायच्या, काही नमुने गोळा करायचे, तक्ता मांडायचा आणि शेवटी एक पद्धत ‘अधिक परिणामकारक’ ठरवायची. ही मांडणी वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. तुलनेशिवाय ज्ञान पुढे सरकतच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की अशा तुलनेचा निकाल बहुतेक वेळा तक्त्यातल्या आकडेमोडीत लागत नसतो. मोजायचे काय आणि कशाने, हे ठरते त्या क्षणी तो लागून गेलेला असतो, आणि ते ठरवणारी व्यक्ती बहुधा दोनपैकी एका पद्धतीची पुरस्कर्ती असते. त्यामुळे तुलनेची खरी परीक्षा मोजपट्टीपाशी व्हायला हवी. आपल्याकडे नेमकी तिथेच ती कुणी घेत नाही.

आधी गट पाडण्याच्या शास्त्राकडे पाहू, कारण तिथे हा प्रश्न गणितानेच उघडा पाडला आहे. या शास्त्रात म्हैसूरचे योगदान मोठे आहे, आणि त्याची बाहेर फारशी वाच्यता झालेली नाही. के. चिदानंद गौडा आणि जी. कृष्णा यांनी १९७८ मध्ये परस्पर-शेजाराच्या कल्पनेवर गट पाडण्याची पद्धत मांडली. मला तू सर्वांत जवळचा आहेस एवढ्याने भागत नाही, तुलाही मी किती जवळचा आहे हे पाहायचे, असे त्या पद्धतीचे मर्म. पुढे म्हैसूरच्या श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना गौडा यांनी फ्रान्सच्या एडविन दिदे यांच्यासह १९९१ मध्ये ‘प्रतीकात्मक’ माहितीचे गट पाडण्याची रीत दिली. ज्या माहितीत एक नेमका आकडा नसतो, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला असतो किंवा गुणांची यादी असते, तिच्यासाठी ही रीत होती. मानसगंगोत्रीच्या विद्यापीठ परिसरात पी. नागभूषण, डी. एस. गुरू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम पुढे नेले. आता गंमत पाहा. या शाखेत नवी पद्धत आली की ती बरेचदा एकाच माहितीवर पारखली जाते : जपानी संशोधक इचिनो यांनी दिलेल्या ८ तेल-चरबींच्या तक्त्यावर. जवस, तीळ, सरकी, ऑलिव्ह अशी तेले आणि गुराची नि डुकराची चरबी. नवी पद्धत वनस्पतींच्या तेलांना एकीकडे आणि प्राण्यांच्या चरबीला दुसरीकडे टाकते का, हे पाहायचे आणि टाकले तर समाधान मानायचे. त्याच गावातल्या अन्नतंत्रज्ञान संस्थेत तेलाचे शेकड्यांनी नमुने येत असताना ही ८ तेले तीन दशके उजळणीला का पुरली, हा प्रश्न थोडा खोडकर आहे, पण रास्त आहे. उत्तर माहीत असलेल्या ८ नमुन्यांवर जिंकणारी पद्धत उत्तर माहीत नसलेल्या ८ हजारांवर कशी वागेल, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

गट पाडण्याच्या बाबतीत अडचण नमुन्यांच्या संख्येपेक्षाही खोल आहे. जॉन क्लाइनबर्ग यांनी २००२ मध्ये एक प्रमेय सिद्ध केले. गट पाडणाऱ्या पद्धतीकडून आपण तीन साध्या अपेक्षा ठेवू. मोजण्याचे एकक बदलले, मीटरऐवजी फूट घेतले, म्हणून गट बदलू नयेत. माहिती तशी असेल तर कोणतीही विभागणी मिळण्याची शक्यता खुली असावी. आणि एका गटातल्या वस्तू आणखी जवळ आणल्या, वेगळ्या गटांतल्या आणखी लांब नेल्या, तर गट तेच राहावेत. प्रत्येक अपेक्षा शहाण्या माणसाला लगेच पटेल अशी आहे. क्लाइनबर्ग यांनी दाखवले की तिन्ही अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणजे प्रत्येक पद्धत कुठे ना कुठे तडजोड करते, आणि कोणती तडजोड चालेल हे आपले काम काय आहे त्यावर ठरते. हे एकदा मान्य केले की ‘चार अल्गोरिदमांतला सर्वोत्तम कोणता’ हा प्रश्न उद्देश सांगितल्याशिवाय अर्थहीन ठरतो. तरीही प्रबंधांत आणि परिषदांत तो बेधडक विचारला जातो.

प्रक्रिया-नोंदींचे उदाहरण घेतले की हे आणखी स्पष्ट होते. बँक, विमा कंपनी, रुग्णालय, पासपोर्ट कार्यालय, कुठेही काम संगणकावर गेले की प्रत्येक पायरीची नोंद आपोआप पडते : प्रकरण कोणते, कोणती पायरी, किती वाजता. अशा लाखो नोंदींतून प्रत्यक्षात काम कसे चालते याचा नकाशा काढण्याचे शास्त्र नेदरलँड्समध्ये विल फान देर आल्स्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवले. संशोधकांसाठी २०११ मध्ये एका डच विद्यापीठ रुग्णालयाची नोंदवही खुली करण्यात आली. तिच्यात १,१४३ रुग्ण आणि दीड लाखाहून थोड्या अधिक नोंदी होत्या. सगळ्यांचा एकच नकाशा काढला तर नुसता रेघांचा गुंता होतो. म्हणून सारख्या वाटेने गेलेल्या रुग्णांचे आधी गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटाचा नकाशा काढायचा. पण ‘सारख्या वाटेने’ म्हणजे काय? कोणत्या तपासण्या झाल्या एवढेच पाहायचे, की त्यांचा क्रमही पाहायचा, की दोन पायऱ्यांमध्ये गेलेला वेळ? आणि गट चांगले पडले हे कशावरून म्हणायचे? गटातले रुग्ण आकड्यांच्या अंतराने एकमेकांजवळ आहेत यावरून, की त्या गटाचा नकाशा सुटसुटीत आणि नोंदींशी जुळणारा निघतो यावरून? योखेन दे वेर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की पहिली मोजपट्टी दुसरीची हमी देत नाही. त्यांनी मग नकाशाचा जुळेपणा हेच ध्येय धरून गट पाडणारी पद्धत रचली. मला त्यांची भूमिका पटते, कारण इथे शेवटी नकाशाच हवा असतो. मात्र एखादी पद्धत ज्या मोजपट्टीसाठी घडवली, त्याच मोजपट्टीवर ती इतरांपेक्षा उजवी ठरली, तर त्यात बातमी फारशी नाही. आणि रुग्णालयाच्या अधीक्षकाला या दोन्ही मोजपट्ट्यांशी कर्तव्य नसते. त्याला हवे असते ते एवढेच की क्ष-किरण झाल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत रुग्ण कुठे अडकतो. या निकषावर अल्गोरिदमांची तुलना केलेला प्रबंध शोधायला गेलात तर दमछाक होईल.

यात दुसरी खोट हाताळणीची. नव्या पद्धतीचा कर्ता आपल्या पद्धतीच्या सगळ्या कळा महिनोन्महिने पिळून पाहतो. प्रतिस्पर्धी पद्धत मात्र डब्यातून काढली तशीच चालवतो. मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ग्राहकांना वस्तू सुचवणाऱ्या १८ नव्या, गाजलेल्या अल्गोरिदमांचा फेरतपास केला. वाजवी खटपटीत त्यांतले ७ पुन्हा चालवता आले. त्या ७ पैकी ६ पद्धती साध्या जुन्या युक्त्या नीट बसवून चालवल्यावर मागे पडल्या. सगळे लेख नामवंत परिषदांत तज्ज्ञांच्या चाळणीतून गेलेले होते. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हँड यांनी २००६ मध्येच प्रगतीच्या या आभासाबद्दल सविस्तर लिहिले होते. लबाडीचा आरोप करण्याचे इथे कारण नाही. आपल्या लेकराकडे लक्ष अधिक जाणारच. प्रश्न आहे तो तुलना करणाराच एका बाजूचा असतो, या व्यवस्थेचा.

आता हाडांकडे येऊ. वरवर पाहता इथे सगळे ठोस असते. हाड जुळले की नाही ते क्ष-किरणात दिसते, मग मोजपट्टीचा वाद कशाला? पण वाद इथेच सर्वांत तापलेला आहे. मनगटाजवळचे हाड मोडून सरकले तर दोन मार्ग असतात : त्वचेतून तारा घालून हाड धरून ठेवायचे, किंवा चिरा देऊन कुलूपबंद प्लेट बसवायची. प्लेटने हाड जागेवर नेमके बसते, चित्र देखणे येते, आणि साहजिकच ती महागही पडते. ब्रिटनमध्ये १८ केंद्रांतल्या ४६१ प्रौढ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून या दोन मार्गांत विभागण्यात आले, आणि वर्षभरानंतर ‘मनगट दुखते का, दार उघडता येते का, काम करता येते का’ अशा प्रश्नावलीने मोजले गेले. २०१४ मध्ये निकाल आला : फरक नाही. मोजपट्टी क्ष-किरणाची असती तर कदाचित प्लेटचा डंका वाजला असता. रुग्णाच्या हाताची मोजपट्टी लावल्यावर स्वस्त तारा बरोबरीला आल्या, आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये तारांचा वापर वाढला, प्लेटांचा घटला. दोन पद्धती होत्या त्याच राहिल्या. निकषाची निवड बदलली आणि तिच्याबरोबर रुग्णाचा आणि सरकारचा खर्चही बदलला.

भारतीय प्रबंधांची गोष्ट याहून वेगळी आणि थोडी विनोदी आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियांची तुलना आपल्याकडे सर्रास ‘हॅरिस हिप स्कोअर’ने होते. बॉस्टनचे शल्यविशारद विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये ही १०० गुणांची पट्टी दिली. वेदनेला ४४ गुण, कार्यक्षमतेला ४७, उरलेले हालचाल आणि व्यंगाला. कार्यक्षमतेच्या प्रश्नांत बूट-मोजे सहज घालता येतात का, याला ४ गुण आहेत. साध्या खुर्चीवर तासभर आरामात बसता आले की ५ गुण. चालण्याचे अंतर शहरी ‘ब्लॉक’मध्ये मोजलेले. हॅरिस यांनी आपल्या रुग्णांसाठी नेटकी पट्टी केली, त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. पण नंजनगूडजवळच्या किंवा गडहिंग्लजजवळच्या शेतकरी बाईला बूट-मोज्यांचा प्रश्न लागूच पडत नाही. तिचा प्रश्न असतो उकिडवे बसता येईल का, मांडी घालून जेवता येईल का, भांगलायला वाकता येईल का, बसच्या उंच पायरीवर पाय पडेल का. बसमध्ये चढता येण्याला हॅरिसच्या पट्टीत जेमतेम १ गुण आहे, उकिडवे बसण्याला एकही नाही. अशा पट्टीवर दोन शस्त्रक्रियांत ‘९० विरुद्ध ८६’ असा फरक काढून एकीला विजयी घोषित करणे म्हणजे मराठी निबंधाला इंग्रजी शुद्धलेखनाचे गुण देण्यासारखे आहे. शल्यविशारद यावर म्हणतात, कृत्रिम खुबा बसवलेल्या रुग्णाला आम्हीच उकिडवे बसू नको म्हणून सांगतो, मग ते मोजायचे कशाला? मला वाटते, म्हणूनच मोजायचे. एका पद्धतीनंतर जमिनीवरचे जगणे सोडावे लागत असेल आणि दुसरीनंतर ते काही अंशी टिकत असेल, तर तो त्या पद्धतीच्या किमतीचा भाग आहे. तुलनेच्या तक्त्यात त्याला रकाना नसेल, तर ती किंमत शून्य धरली जाते आणि रुग्ण ती घरी गेल्यावर चुकवतो.

मोजपट्टी परकी असली की निष्कर्षही फसवा निघतो, याचा उत्तम दाखला म्हैसूर आणि पुणे यांच्या जोडीनेच दिला आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मिशन रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदवून ठेवला जाई. हृदयविकाराचे नि मधुमेहाचे बीज गर्भात पडते हा डेव्हिड बार्कर यांचा सिद्धान्त ब्रिटनमध्ये गाजत असताना कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या वह्या उघडल्या आणि आता प्रौढ झालेल्या त्या बाळांना शोधून तपासले. हृदयविकाराबाबत चित्र ब्रिटनशी जुळले : जन्मतः कमी वजन असलेल्यांत तो अधिक. मधुमेहाबाबत मात्र जुळले नाही. म्हैसुरात तो लांबीने आखूड पण अंगाने भरलेल्या बाळांत पुढे जास्त आढळला. त्या विसंगतीतून गरोदरपणातल्या मधुमेहाकडे लक्ष गेले आणि १९९७-९८ मध्ये नव्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. इकडे पुण्यात केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने फॉल यांच्या साथीने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे आणि साउदॅम्प्टनची बाळे यांची तुलना केली. सरासरी वजन २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो. तराजूवर थांबले असते तर निष्कर्ष ‘भारतीय बाळ लहान आणि हडकुळे’ एवढाच निघाला असता. त्यांनी त्वचेखालच्या चरबीची जाडी चिमट्याने मोजली, तेव्हा दिसले की स्नायू कमी आहेत, पण चरबी त्या मानाने राखलेली आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘रोड-स्थूल’ भारतीय बाळाचे हे वर्णन आज मधुमेहाच्या जागतिक चर्चेत आहे. तराजूच्या जोडीला चिमटा घेण्याचा निर्णय झाला, त्यातून हा शोध लागला. आणि म्हैसूरच्या वह्यांचे मोल असे की ते आकडे ज्यांनी लिहिले, त्यांना पन्नास वर्षांनी कोणता सिद्धान्त त्यांवर तपासला जाणार आहे, हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मोजणाऱ्याचा निकालात हितसंबंध नव्हता.

हितसंबंध वरिष्ठाचा असतो तेव्हा काय करावे, हे मराठी वाचकाला इरावती कर्वे यांच्या उदाहरणावरून कळावे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. युरोपीयांच्या कवट्या इतरांपेक्षा अधिक असममित निघतील, आणि त्याचा संबंध त्यांच्या तथाकथित बुद्धिश्रेष्ठत्वाशी जोडता येईल, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असममितीचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. मार्गदर्शकाला नको असलेला ‘फरक नाही’ हा निकाल एका परदेशी विद्यार्थिनीने त्या काळात नोंदवला. आज आपल्या प्रबंधांत ‘फरक नाही’ असा निकाल किती दुर्मीळ असतो ते पाहिले, की या धैर्याची किंमत कळते.

‘फरक नाही’ हे शब्द मात्र जपून वापरावे लागतात, आणि इथे आपल्या प्रबंधांची सर्वांत दुबळी बाजू उघडी पडते. ठरलेला आकार आहे ३० रुग्ण इकडे, ३० तिकडे. समजा एका शस्त्रक्रियेनंतर २० टक्के रुग्णांत गुंतागुंत होते आणि दुसरीनंतर १० टक्क्यांत. हा फरक मोठा आहे, निम्म्याने कमी. तो ओळखण्याची ८० टक्के तरी शक्यता हवी असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे २०० रुग्ण लागतात. ३०-३० मध्ये हा फरक खरा असूनही पाचांतून जेमतेम एकदा हाती लागेल. उरलेल्या वेळी ‘दोन्ही पद्धती सारख्याच’ असे लिहिले जाईल, आणि ते चूक असेल. मांडीच्या हाडाचा गळा मोडल्यावर कोणते स्क्रू वापरावेत हे पाहणाऱ्या ‘फेथ’ चाचणीत सुमारे १,१०० रुग्ण होते. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण २० आणि २२ टक्के निघाले. २०१७ मध्ये त्यांनी ‘फरक नाही’ म्हटले, त्याला वजन होते. तेच शब्द ६० रुग्णांवर उच्चारले तर त्याचा अर्थ फक्त ‘आम्हाला दिसला नाही’ एवढाच.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की पदव्युत्तर प्रबंध हा सराव आहे, त्याला आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकष लावू नयेत. आक्षेप अर्धा खरा आहे. तीन वर्षांच्या निवासी डॉक्टरकडून, ज्याला रात्रपाळी, ओपीडी आणि परीक्षा एकदम सांभाळायच्या असतात, ४०० रुग्णांची अपेक्षा करणे क्रूरपणा होईल. पण सराव कशाचा चालला आहे, हेही विचारायला हवे. पट्टी आधी लिहून ठेवायची, नंतर बदलायची नाही, आणि निघेल ते लिहायचे, हा सराव ३० रुग्णांवरही होतो. आज सराव होतो तो बरेचदा उलटा : आधी दहा मोजमापे घ्यायची, ज्यात संख्याशास्त्रीय कसोटीचा ‘पी’ हा आकडा ०.०५ च्या खाली उतरेल ते शीर्षकात चढवायचे.

दुसरा आक्षेप शल्यविशारदांचा. गोळी आंधळेपणाने देता येते, चिरा कसा देणार? रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक असते काय केले ते, शिवाय हातागणिक फरक पडतो. हेही खरे, पण वाटते तितके नाही. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोसली यांनी गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेची चाचणी १८० रुग्णांवर केली. एका गटाला फक्त त्वचेवर चिरा दिला, आत काहीही केले नाही. दोन वर्षे पाठपुरावा झाला आणि खरी शस्त्रक्रिया खोटीपेक्षा सरस ठरली नाही. २००२ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा खळबळ उडाली, कारण ही शस्त्रक्रिया जगभर लाखोंनी होत होती. नैतिकदृष्ट्या असे प्रत्येक वेळी करता येणार नाही, करूही नये. पण निदान मोजणारा माणूस वेगळा ठेवता येतो. ज्याने ऑपरेशन केले त्यानेच सहा महिन्यांनी ‘आता कसे वाटते?’ म्हणून गुण भरायचे, आणि रुग्णाने डॉक्टरसाहेबांच्या तोंडावर ‘बरं आहे साहेब’ म्हणायचे, ही पद्धत तरी थांबवता येईल. त्यासाठी फिजिओथेरपी विभागातला एखादा विद्यार्थी पुरतो.

तिसरा आक्षेप संगणकवाल्यांचा : आमच्याकडे रुग्ण नाहीत, प्रयोग हजार वेळा फुकट करता येतो, मग आधी पट्टी जाहीर करण्याचे सोवळे कशाला? माझे उत्तर असे की प्रयोग फुकट आहे म्हणूनच ते हवे. हजार वेळा चालवून त्यातला नऊशे नव्व्याण्णवा निकाल छापण्याचा मोह शल्यविशारदाला होत नाही, कारण त्याच्याकडे तेवढे खुबे नसतात. शिवाय हे दोन्ही विषय आता वेगळे राहिलेलेच नाहीत. खुबा मोडलेल्या रुग्णाचे ऑपरेशन लवकर करावे की नेहमीच्या गतीने, हे पाहणाऱ्या ‘हिप अटॅक’ चाचणीत १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. निदानापासून टेबलापर्यंतचा वेळ एका गटात मध्यकाने ६ तास, दुसऱ्यात २४. हा वेळ म्हणजेच रुग्णालयाची प्रक्रिया-नोंद. ९० दिवसांतला मृत्यू ही आधी जाहीर केलेली एक मुख्य पट्टी होती. तिच्यावर ९ विरुद्ध १० टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. पण भ्रम होणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, तीव्र वेदना हे लवकर ऑपरेशन झालेल्यांत कमी दिसले आणि ते घरीही लवकर गेले. २०२० मध्ये हा निकाल छापताना संशोधकांनी मुख्य पट्टीवरचा ‘फरक नाही’ आधी ठेवला, बाकीचे नंतर. क्रम उलटा करून ‘लवकर ऑपरेशन श्रेष्ठ’ असे शीर्षक सहज करता आले असते. पट्टी आधी नोंदवलेली असल्यामुळे ते झाले नाही, आणि त्यामुळेच दुय्यम फायद्यांवरही विश्वास ठेवावासा वाटतो.

परदेशी पट्ट्या टाकून देशी पट्ट्या आणल्या तर जगाशी तुलना तुटेल, ही भीतीही बोलून दाखवली जाते. हॅरिसचे १०० गुण ठेवावेत की. त्याच्या शेजारी उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि बसमध्ये चढणे असे तीन रकाने वाढवायला फार तर पाच मिनिटे लागतात. याज्ञिकांनी तराजू टाकून दिला नव्हता.

मग करायचे काय? भारताची चिकित्सा-चाचणी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, आणि एप्रिल २०१८ पासून तिच्यात पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. तिथे मुख्य निकष लिहावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो. यंत्रणा आहे, वापर अपुरा आहे. मोठी संधी मात्र आरोग्य विद्यापीठांच्या हातात आहे. कर्नाटकात १९९६ मध्ये स्थापन झालेले राजीव गांधी आरोग्य विद्यापीठ आहे, महाराष्ट्रात १९९८ चे नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. म्हैसूर, हुबळी, मिरज, सोलापूर अशा दहा ठिकाणच्या दहा निवासी डॉक्टरांनी एकच प्रश्न, एकच पट्टी घेऊन प्रत्येकी ४० रुग्ण पाहिले तर ४०० होतात, म्हणजे वर सांगितलेली २००-२०० ची गरज भागते. आज हेच दहाजण दहा वेगळ्या पट्ट्यांनी मोजतात आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळताही येत नाहीत. प्रबंध स्वतंत्र असावा लागतो ही अडचण सांगितली जाईल. सामायिक माहितीतून प्रत्येकाने एक निराळा उपप्रश्न घेतला, एकाने संसर्ग पाहिला, दुसऱ्याने कामावर परतण्याचा काळ, तिसऱ्याने खर्च, तर स्वातंत्र्यही राहते. हे जमवायला बैठका लागतील, विभागप्रमुखांचे मानापमान सांभाळावे लागतील, आणि दोन राज्यांच्या विद्यापीठांनी एकत्र यायचे म्हणजे कागदपत्रांचा डोंगर उभा राहील, हे मान्य. त्याआधी एक सोपी गोष्ट याच वर्षी करता येईल. प्रत्येक विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच प्रबंधाची सिनॉप्सिस सादर करतो, नैतिकता समिती ती मंजूर करते, आणि काय मोजणार ते तीत लिहिलेले असते. पुढे ती फायलीत पडून राहते आणि परीक्षकाच्या हाती फक्त पूर्ण झालेला प्रबंध येतो. ती मंजूर सिनॉप्सिस प्रबंधाच्या पहिल्या पानांत तारखेसह बांधणे सक्तीचे करावे, अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्रातही, आणि परीक्षकाने तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या दोन कागदांतल्या फरकावर विचारावा.